भिंतीवरचा कायदा

केळापूर हे एका गावाचेही नाव आहे आणि एका तालुक्याचेही. गाव जगदंबेचे. नवरात्रात तिथे पैनगंगेपलीकडून तेलुगू बोलणारे भाविकसुद्धा येतात. तहसील कचेरी, न्यायालय, दुय्यम निबंधक हे सारे मात्र पांढरकवड्याला. सातबाऱ्यावर तालुका केळापूर आणि बसच्या पाटीवर पांढरकवडा, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. मी या तालुक्यात तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केली. नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे ही रीत इथल्या कायद्यालाही लागू आहे, हे समजायला मला त्यातली निम्मी वर्षे लागली.

माझ्या कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे. २००५ सालच्या दिवाळीनंतर आम्ही त्यावर दर महिन्याला एक कागद लावू लागलो. कायद्यातली एखादी नवी गोष्ट, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात. पेशीसाठी आलेली माणसे वाट बघत बाकावर बसतात. तेवढ्या वेळात वाचतील, ज्याला येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवील, असा हिशेब होता. पहिला कागद मुलींच्या वारसाहक्कावर होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली होती आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद झाली होती. मी लिहिले होते: ‘आता मुलीला मुलाइतकाच हिस्सा.’ अक्षर माझ्या मुन्शीचे, वाक्य माझे.

दोन वर्षांनी एक गोंड बाई त्या कागदाची झेरॉक्स घेऊन आल्या. घडीवर घडी पडून कागद फाटायला आला होता. त्याच्या जोरावर त्यांनी तलाठ्याकडे वारस नोंदीला हरकत घेतली होती, भावांशी भांडण झाले होते, माहेर तुटले होते. समोरच्या वकिलाने एकच कलम दाखवले होते. मूळ १९५६ च्या कायद्याचे कलम २, पोटकलम २: केंद्र सरकारने अधिसूचना काढून वेगळे ठरवल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही.

‘‘साहेब, ह्यावर लेकीचा हिस्सा हाये म्हनते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मंग मी कोनाची लेक हावो?’’

कलम मला माहीत होते. परीक्षेला होते, न्यायालयात वापरलेही होते. फक्त त्या कागदावर लिहायचे राहिले होते. ज्या तालुक्यात गोंड, कोलाम, परधान, आंध ही वस्ती जागोजागी आहे, त्या तालुक्याच्या भिंतीवर मी असा कायदा लावला होता, जो वाचणाऱ्या अनेकांचा नव्हताच. तेव्हापासून मी एका प्रश्नाच्या मागे लागलो. आपल्याकडे वकिलांनी सामान्य वाचकासाठी कायदा लिहायला कधी घेतला, तो कसा चालवला आणि कुठे चुकला? हा लेख त्या शोधाचा.

*

कायदा भिंतीवर लावण्याची कल्पना फार जुनी आहे. रोममध्ये कोणत्या दिवशी दावा लावता येतो आणि कोणत्या शब्दांत लावायचा, हे ज्ञान पुरोहितवर्गाने आपल्याकडे ठेवले होते. इसवी सनापूर्वी ३०४ च्या सुमारास ग्नेयस फ्लेवियस या माणसाने ते उघड केले. तो पेशाने लेखनिक, त्याचा बाप मुक्त झालेला गुलाम. त्याने न्यायालयीन दिवसांचे पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात लावले. उमरावांना राग आला तो कायदा बदलला म्हणून नव्हे. कायदा होता तोच राहिला. आता दिवस विचारायला लोकांना त्यांच्या दारात जावे लागणार नव्हते, एवढेच झाले. मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. फ्लेवियसने तत्त्वज्ञान लिहिले नाही. त्याने तारखा लिहिल्या.

मराठी मुलखात हे काम छापखान्याबरोबर आले. विश्वनाथ नारायण मंडलिक हे मुंबईच्या उच्च न्यायालयातले नामवंत वकील, पुढे सरकारी वकील. १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ सुरू केले. पत्र इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघे. याच मंडलिकांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांची इंग्रजी भाषांतरे हिंदू कायद्यावरील विवेचनासह प्रसिद्ध केली. एकाच माणसाने ग्रंथ लिहिला न्यायाधीशांसाठी आणि पत्र चालवले नागरिकांसाठी. ग्रंथ एकदा लिहिला की पुष्कळ काळ टिकतो. पत्राला दर आठवड्याला नवे उत्तर द्यावे लागते. या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हे मंडलिकांच्या कामात पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

यवतमाळ जिल्ह्यात हा धागा माधव श्रीहरी अणे यांच्याकडे येतो. बापूजी अणे १८८० मध्ये वणीला जन्मले. वणी आमच्या शेजारचा तालुका. यवतमाळला त्यांनी वकिली केली आणि १९१८ मध्ये तिथूनच ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. नाव लोकमान्यांनी सुचवलेले. ते पत्र पुढे बंद पडले. १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहूनच त्या नावाचे साप्ताहिक पुन्हा काढले आणि १९७१ मध्ये नागपुरातून ते दैनिक झाले. आज हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एका जिल्ह्याच्या गावातल्या वकिलाने ते पहिल्यांदा छापले, हे पुष्कळांना माहीत नसते.

अण्यांनी लोकांना कायदा समजावण्याची आणखी एक तऱ्हा वापरली. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले आणि अटक करवून घेतली. जंगलाचा कायदा काय आहे हे वऱ्हाडातल्या गुराख्याला रोज अंगावर कळत होते. तो कायदा मोडता येतो, आणि मोडणारा माणूस वकील असू शकतो, ही बातमी नवी होती.

*

त्याच काळात एक बॅरिस्टर कागदावरचा हक्क आणि माणसाच्या हातातला हक्क यांतले अंतर छापून दाखवत होते. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही आपल्या हद्दीपुरता तसाच ठराव केला. ठराव झाले, पण चवदार तळ्याचे पाणी तीन वर्षे तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी घेतले आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक काढला. या दोन तारखांत दोन आठवड्यांचेच अंतर आहे. सत्याग्रहाला लागूनच पत्र आले, कारण ठराव काय होता, तो कोणाला लागू होता, नगरपालिकेने काय मान्य केले होते, हे कोणीतरी वाचकाच्या भाषेत सांगायला हवे होते. अनेक अंकांतले बहुतेक रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहावे लागले. पैसा अपुरा, लिहिणारे हात अपुरे. १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडले. तळ्याचा दावा मात्र चालूच होता. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १९३७ मध्ये.

दावा दहा वर्षे चालतो आणि दाव्याविषयी लिहिणारे पत्र अडीच वर्षांत थांबते. वकिलांच्या लोकलेखनाचा इतिहास मला या एका उदाहरणात सापडतो. उत्साह कमी असतो असे नाही. पक्षकाराला कायद्याची गरज ज्या गतीने लागते, त्या गतीने लिहीत राहणे कठीण असते. दिवसा न्यायालय, रात्री लेखणी, आणि लेखणीचे पैसे कोणी देत नाही.

*

आता पुन्हा केळापूरकडे येतो, कारण इथे आणखी एक अडचण आहे. हा तालुका वऱ्हाडात येतो, आणि वऱ्हाडात ‘कोणता कायदा लागू?’ हा प्रश्नच मुळात वकिलाला विचारावा लागे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. कारभार इंग्रजांचा, पण कायद्याच्या दृष्टीने मुलूख निजामाचाच. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानात केलेला अधिनियम इथे आपोआप चालत नसे; तो स्वतंत्र आदेशाने लागू करावा लागे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, तरी ही खुबी राहिलीच. ती पुष्कळशी मिटवायला १९४१ चा वऱ्हाड कायदे अधिनियम यावा लागला. पुढे १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

याचा परिणाम पुस्तकांच्या पानांत दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात कूळ कायदा १९४८ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भात १९५८ चा. पैनगंगा ओलांडून किनवटला गेले की कायदा बदलला. पुण्या-मुंबईकडे छापलेल्या पुस्तिकेत कृषक दिन म्हणून १ एप्रिल १९५७ ही तारीख असते. विदर्भाच्या कायद्यात कुळाकडे मालकी जाण्याची तारीख १ एप्रिल १९६१ आहे. पुस्तिका खोटी नाही. केळापूरच्या कुळाच्या हातात ती चार वर्षांनी चुकीची ठरते, इतकेच.

आदिवासींच्या जमिनीचेही असेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६ क अशा जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालतात. १९७४ चा जमीन प्रत्यार्पणाचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याविषयी आहे. या कायद्याला आव्हान दिले गेले. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये तो वैध ठरवला. निकाल छापला गेला नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये. ज्याच्या खंडांची गणना १९१४ पासून होते, ते हे निर्णयपत्र देशभरच्या वकिलांच्या कपाटात असते. पांढरकवड्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे आमच्या आदिवासी शेतकऱ्याला जमीन परत देणारा निकाल त्याच्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर छापला गेला. इंग्रजीत, वकिलांसाठी. तो त्याच्यापर्यंत पोचवायचे काम कोणाच्याच नावावर नव्हते.

*

भाषेचा प्रश्न शासनाने आपल्या परीने हाताळला. १९६० मध्ये भाषा संचालनालय आले, कोश आले, अधिनियमांचे अनुवाद आले. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली. पण अनुवादित अधिनियम म्हणजे समजलेला अधिनियम नव्हे. ‘प्रत्यार्पण’ हा शब्द मी बाकावरच्या किती माणसांना विचारला! ‘जमीन वापस’ म्हटले की सगळ्यांना कळते. कोलाम पोडावर तर मराठीही दुसरी भाषा असते.

वकिलांकडून आणि कायद्याच्या अध्यापकांकडून आलेला एक प्रयत्न इथे नोंदवायलाच हवा, कारण तो विदर्भातून निघाला. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून पुढे ते प्रकरण ओळखले गेले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. निकाल निर्णयपत्रांत पडून राहिला. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पत्र चार माणसांचे, पण वाचले साऱ्या देशाने. आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. धागमवारांनी पुढे दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था उभी केली आणि कायदा सोप्या भाषेत सांगणाऱ्या पुस्तिकांचे काम हाती घेतले. निकालावर संताप व्यक्त करणे एका पत्रात होते. कायदा समजावत राहायला संस्था लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आम्हा साध्या वकिलांची आणखी एक कोंडी असते. अधिवक्ता अधिनियमाखालच्या बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. नावाची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी, असे तो नियम सांगतो. २००८ मध्ये संकेतस्थळावर नाव-पत्ता आणि पात्रता देण्याची मर्यादित मुभा मिळाली. या नियमाचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटते, भिंतीवरच्या कागदाला हा नियम उपकारकच आहे. स्वतःविषयी काही लिहायचे नाही असे ठरले की वाचकाविषयीच लिहावे लागते. ज्या फळ्यावर वकिलाने जिंकलेले खटले असतात, तो फळा पक्षकार एकदाच वाचतो. ज्यावर त्याच्या उद्याच्या कामाची तारीख असते, तिथे तो पुन्हा येतो.

*

त्या बाई गेल्यावर मी कागद काढून टाकला नाही. त्याच्याखाली दुसरा लावला, चूक कबूल करणारा. मग ठरवले की प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तीन ओळी असतीलच: हे कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत तपासले आहे. दर महिन्याला नवा विषय शोधण्याचा हट्ट सोडला. जुने कागद तपासणे हेच अर्धे काम झाले.

त्या एका वारसाहक्काच्या कागदाचा इतिहास पाहा. महाराष्ट्रात मुळात २२ जून १९९४ पासूनच वेगळी दुरुस्ती होती, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप जिवंत असला तरच. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ती अट काढून टाकली. ९ डिसेंबर २०२२ च्या कमला नेती निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की, आदिवासी मुलींना हा कायदा आजही लागू नाही, पण केंद्राने बदलाचा विचार करावा. आणि १७ जुलै २०२५ रोजी रामचरण विरुद्ध सुखराम या प्रकरणात, एका गोंड स्त्रीच्या वारसांनी केलेल्या दाव्यात, न्यायालयाने सांगितले की स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर तिला हिस्सा नाकारणे संविधानाच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

हा शेवटचा निकाल वाचून मी आनंदाने कागद लिहायला घेतला आणि मध्येच थांबलो. प्रकरण छत्तीसगडचे. त्यात १८७५ च्या मध्य प्रांत कायदे अधिनियमाचाही आधार चर्चेत आला आहे. १८७५ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतात नव्हते! दीडशे वर्षांपूर्वीची सीमारेषा माझ्या फळ्यावर पुन्हा उभी राहिली. निकालाला संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचाही आधार आहे आणि तो केळापूरलाही तितकाच लागू आहे. म्हणून या वेळी कागद लांबला. आदिवासी मुलींना आता मागता येईल, असे लिहिले. रूढीचा प्रश्न निघेल, तो पुराव्याने लढावा लागेल, असे लिहिले. भांडण्याआधी कोणालातरी विचारा, आणि फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, हेही लिहिले. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात घेतले.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हाही असेच झाले. ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’ हे आकडे आमच्याकडे निरक्षर माणसालाही पाठ होते. लोकांना इतका तोंडपाठ झालेला कायद्याचा दुसरा मजकूर मी पाहिलेला नाही. एका रात्रीत नव्या गुन्ह्यांसाठी ते आकडे बदलले, पण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांसाठी तेच राहिले. फळ्यावर दोन रकाने केले. अजून आहेत.

त्या बाईंना निरोप पाठवला होता. अठरा वर्षे झाली होती, भावांच्या वाटण्या कधीच होऊन गेल्या होत्या. त्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला. त्याने कागद उभ्याने वाचला, डोक्यावरच्या तीन ओळी दोनदा वाचल्या, आणि विचारले, ‘‘हे आमच्यासाठी आहे ना, काका? की मागच्यासारखंच?’’

मी म्हटले, आहे. पण उशीर झाला आहे, आणि त्याचा काय परिणाम होतो हे बसून पाहावे लागेल. तो बसला. मी त्याच्या आजोबांच्या मृत्यूची तारीख विचारली आणि वहीत लिहून घेतली.